राजाराम मेस्त्रीचं गाऱ्हाणं

राजाराम मेस्त्री लालबागहून परळकडे चालायला लागला की त्याला गिरण्या, दुकानं, देवळं दिसायची नाहीत. त्याला मेलेली माणसं दिसायची. या चाळीच्या जिन्यावर संपात गिरणीतल्या एका जॉबरला, म्हणजे मुकादमाला, भोसकलं. त्या कोपऱ्यावरच्या खोलीत एका बाईने अंगावर रॉकेल ओतून घेतलं. पलीकडच्या माळ्यावर दंगलीत बापलेक एकाच सुऱ्याने कापले गेले. बरोबर चालणाऱ्याला तो हे सगळं सांगत जायचा, आणि तेही असं, की जणू पाव कुठे ताजा मिळतो ते सांगतोय.

ही माहिती त्याने पेपरात वाचलेली नव्हती. तो सुतार होता. असं काही कुठे घडलं की दोन-चार दिवसांनी त्यालाच बोलावणं यायचं. पोलिसांनी फोडलेलं दार बसव, गळफासाचा वासा बदल, आणि बहुतेक वेळा रक्त मुरलेल्या फळ्या उचकटून नव्या ठोक. चाळीतल्या जमिनी लाकडी. रक्त वरवर पुसलं जातं, पण आत गेलेलं रंधा मारूनही निघत नाही, फळीच बदलावी लागते. वीस-बावीस वर्षं त्याने हे काम केलं होतं, आणि त्या कामाने त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. ती म्हणजे, जिथे अवकाळी जीव गेला ती जागा माणसाने घेऊ नये.

तळकोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. प्रत्येक जागेला तिचा जागेवाला असतो. तो दिसत नाही, पण चार कोपरे राखतो. घर कागदावर कुणाचंही असो, आधी त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, त्याची परवानगी मागायची, मग आत पाय ठेवायचा. आणि जागेत कुणी तडफडून मेलेलं असलं तर तो मेलेलाच जागेवाला होऊन बसतो आणि येणाऱ्याचं वाटोळं करतो, असं राजारामच्या आजीने त्याला सांगितलं होतं. मालवणात आजी सांगते ते मुंबईत आल्यावर निम्मं विसरायचं असतं. राजाराम विसरला नाही. उलट त्याने त्यात भर घातली.

झालं असं की लालबागेत कुणालाही खोली घ्यायची झाली की तो आधी राजारामला घेऊन जायचा. राजाराम उंबरठ्याबाहेर उकिडवा बसायचा, आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारायचा, भिंतीवर हात फिरवायचा, आणि बहुतेकदा मान हलवून उठायचा. “घेव नको. हय एक बाई जळली आसा.” विषय संपला. राधाबाई नावाच्या शेजारणीचा मुलगा लग्नाचा झाला होता. त्याच्यासाठी चिंचपोकळीला खोली मिळत होती, उजेडाची, नळ जवळ असलेली. राजारामने तो सौदा मोडला. मुलगा अजून राधाबाईच्या खाटेखाली झोपत होता आणि मुलींचे बाप येऊन, खाट बघून, चहा पिऊन परत जात होते. राधाबाई राजारामला समोर काही बोलत नसे. पाठीमागे मात्र ती त्याला घरबुडव्या म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

राजारामची बायको सुभद्रा. ती मसाला कांडणारी. उन्हाळा आला की गिरगावातल्या, माझगावातल्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये वर्षभर पुरेल असा, बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला कांडायला बायकांच्या जोड्या जायच्या, त्यांत तिची जोडी पहिली. दोघी समोरासमोर उभ्या राहून उखळीत आळीपाळीने मुसळ घालायच्या. मिरचीचा खकाणा असा उडायचा की गल्लीतून जाणारा शिंकत पळायचा, आणि सुभद्रा त्यातून हसत बाहेर यायची. मूलबाळ नव्हतं. घरात ती, राजाराम, धाकटा दीर शिवा, शिवाची बायको आणि त्यांची पोरं, सगळी एका खोलीत. खोलीला उंबरठा असा नव्हताच. दारातून पाय बाहेर टाकला की गॅलरी, आणि सकाळी काढलेली रांगोळी नळावर जाणाऱ्या पायांनी पुसायला कढी उकळण्याइतकाही वेळ लागत नसे.

“माका माझो उंबरठो होयो,” ती म्हणायची. “दागिनो नको, लुगडा नको. दारात बसान तांदूळ निवडूचे आसत.”

“बघतंय मा मी.”

“लोकांची घरा बघतास, आपला कधी? आणि तुमच्या मुंबयत माणूस हांतरुणात मराणाच नाय काय?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशातली गत होती. पण राजाराम खरोखरच शोधत होता. गावची वाडी भावकीला विकून टाकली होती, सुभद्रेच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या होत्या. पैशांची अडचण नव्हती. अडचण मेलेल्यांची होती. शीव कोळीवाड्यातलं एक घर बुडालेल्या पोरामुळे गेलं. परळ गावातलं एक, भावाने भावाचं डोकं फोडलं म्हणून गेलं. दादरचं एक तर सुभद्रेने मनात मांडूनसुद्धा ठेवलं होतं, चूल कुठे, देव कुठे. तिथे गोदीतल्या स्फोटात भाजलेला एक हमाल आणून ठेवला होता आणि तो तिथेच ओरडत मेला, हे राजारामने शोधून काढलं. त्या रात्री सुभद्रा जेवली नाही.

आणि मग जर्ट्रूडबायचं घर निघालं.

गिरगावात, ठाकूरद्वाराच्या अलीकडे, एका अरुंद वाडीच्या टोकाला ते होतं. कौलारू, बुटकं, पुढे दगडी पायरी, सागाचा जाड उंबरठा, आणि सरळ आरपार गेलं की मागच्या अंगणात विहीर आणि चाफा. जर्ट्रूडबाय तिथे एकटी राहायची. नवरा मॅथ्यू वारलेला, मुलगी वांद्र्याला, आणि गुडघे चर्चपर्यंत जाऊ देईनात. सुभद्रा तिच्याकडे कितीतरी उन्हाळे मसाला कांडत होती. एक दिवस म्हातारीच म्हणाली, “विकायचं तर मला तुलाच विकायचं हाय, सुभद्रे. तू कांडतेस तवा माझ्या घरात माणसं असल्यासारखी वाटतात.”

सुभद्रा घरी आली ती नाचतच. राजाराम ओळंबा लावल्यासारखा ताठ बसून होता.

“कसा कळला तुका, हाच घर म्हणान?”

“उखळ उडणा नाय,” ती म्हणाली. “दुसऱ्यांच्या अंगणात मुसळ घातला की उखळ सरकता, हात भरान येतत. हय भुय घट्ट धरता. मी पयल्या वर्साकच वळाखलंय. तुमका सांगूक नाय, कारण तुमी मडा शोधून काढतलास.”

त्याने शोधलंच. पण मडं मिळेना. वाडीतले म्हातारे, चर्चची घंटा वाजवणारा, समोरचा शिंपी, सगळ्यांना विचारून झालं. मॅथ्यू न्युमोनियाने बिछान्यात गेला, पाद्रीच्या हातून अखेरचं तेल लावून घेऊन, बायकोचा हात हातात धरून. मॅथ्यूचा बाप झोपेत गेला. आजी नव्वदीला टेकून, भात खाता खाता. विहिरीत मांजर पडलं होतं तेसुद्धा जिवंत काढलं होतं. राजारामने दार ठोकून पाहिलं, वासे पाहिले, जमिनीवर कान ठेवला. कुठे फळी बदललेली नव्हती. इतकं निर्मळ घर त्याने मुंबईत पाहिलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की आपण लोकांच्या बाबतीत जरा जास्तच ताणलं की काय. तो विचार त्याने लगेच झटकला.

“गाऱ्हाणा घालूया,” तो म्हणाला. “घेवचा ता माघात. पण इचारूक पौष आडवो येणा नाय.” विहिरीपाशी उभं राहून त्याने जागेवाल्याला तोंडाने दिवस सांगितला. येत्या बुधवारी येतो, नारळ घेऊन येतो, घरच्या लक्ष्मीला घेऊन येतो.

सोमवारी रात्री रेडिओवर सांगण्यात आलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राकडे राहणार. त्यानंतर काय झालं ते ज्याने पाहिलं त्याने पाहिलं. लालबागच्या नाक्यावर माणसं जमली. मग कुणीतरी पहिला दगड उचलला. मंगळवारी लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, संध्याकाळी बंदुका वाजल्या. परळच्या पुलाखालून एक मुलगा खाटेवर घालून नेताना राजारामने पाहिला. त्याचा एक हात खाटेबाहेर लोंबकळत होता आणि बोटांवरून ठिबकणाऱ्या थेंबांवर मागचे लोक पाय पडू देत नव्हते. रात्री कर्फ्यू लागला. चाळीत कुणी झोपलं नाही.

बुधवारी सकाळी शिवाने दार अडवलं. “दादा, आज खंय जातस? लोकांका उडवतत हत.”

“जागेवाल्याक दिलेलो दिस मोडूचो नाय.”

“अरे, पण जागेवालो काय रेडिओ ऐकणा नाय काय? तो समजान घेतलो.”

सुभद्रेने नवी साडी नेसली होती. हिरवी, इरकली. ती म्हणाली, “भावोजी, तुमी तेंका थांबवलास तर ते आणखी दोन वर्सा एकादा मडा शोधतले. जावंदे आमका.” असं म्हणून ती हसली. राजारामला ते हसू नंतर जन्मभर पुरलं.

ट्राम बंद होत्या. दोघं चालत निघाली, पिशवीत नारळ, सुपारी, कुंकवाची पुडी. भायखळ्याला एक बस उलटी पडून जळत होती आणि टायरच्या धुराने आकाश काळं झालं होतं. एका इराण्याच्या हॉटेलच्या काचा रस्ताभर पसरल्या होत्या, त्यात साखरेची भरणी फुटलेली, आणि कोणती काच आणि कोणती साखर ते कळत नव्हतं. सुभद्रेने चपला घातल्या नव्हत्या. तिने राजारामचा हात धरला आणि टाचांवर, चवड्यांवर, नाचल्यासारखी ती पार झाली. गल्लीगल्लीतून “झालाच पाहिजे!” ऐकू येत होतं. एका बोळात तिनेही मूठ वर करून ओरडून घेतलं. राजारामने तिच्याकडे पाहिलं. “काय बघतास? माझी नाय काय मुंबय?” ती म्हणाली.

वाडीच्या तोंडाशी पोरांनी बाकडी आणि पिंपं आडवी टाकली होती. आत मात्र शांत होतं. जर्ट्रूडबाय दारात माळ घेऊन उभी होती. “अरे येडे काय तुमी? आज कोण घर बघायला येतं?” ती ओरडली. “या, या आत लवकर.”

राजाराम आत गेला. सुभद्रा पाय उचलणार, तेवढ्यात त्याने हात आडवा केला.

“तू हयच पायरेर उभी ऱ्हव. गाऱ्हाणा होवंदे. जागेवालो व्हय म्हणाल्याबिगर घरच्या लक्ष्मीन उंबरठो ओलांडूचो नाय. तू थंयसून जाप दी.”

रीत तशीच आहे. गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मागतो आणि घरचं माणूस प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून जाप देतं. एरवी दोघं शेजारी उभी असतात. बायकोला उंबरठ्याबाहेर ठेवायची ही भर राजारामची स्वतःची होती. सुभद्रा पायरीवर उभी राहिली. तिने डोक्यावर पदर घेतला, उंबरठ्याला बोटं लावून ती कपाळाला लावली, आणि पदराच्या टोकाने त्यावरची धूळ पुसायला लागली. तिच्यामागे सरळ रेषेत वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी तो अडथळा.

राजाराम मागच्या अंगणात गेला. चाफ्याखाली नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. दारं आरपार उघडी होती. त्याने गावच्या गुरवासारखा खडा आवाज लावला.

“बा जागेवाल्या म्हाराजा! या चार कोनात तू जो कोण बसलेलो असशीत, तुका आमी वळखणो नाय, पण तू आमका बघतस!”

“व्हय म्हाराजा!” पुढच्या दारातून सुभद्रेचा आवाज आला.

“आज हो राजाराम तुझ्यासमोर नारळ ठेवन उभो आसा, तो मान्य करून घे!”

“व्हय म्हाराजा!”

वाडीच्या तोंडाशी आरडाओरडा उठला. पोरं पळत आत आल्याचे पाय वाजले. पिंपावर दगड आपटले, कुठेतरी मोटार करकचून थांबली. राजारामने डोळे उघडले नाहीत. गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं. तोडलं तर जागेवाला कोपतो.

जर्ट्रूडबाय ओरडली, “आत ये गो बाय! पोलीस आलेत, आत ये!”

सुभद्रा काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने आवाज आणखी चढवला.

“हय कोणाचो अवकाळी जीव गेलो आसात, तर तेका शांत कर, आमच्या वाटेक लावू नको!”

“व्हय म्हाराजा!” हा जाप मोठ्याने आला, जवळजवळ ओरडून.

मग फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज झाला. कौलावर काहीतरी तडकलं. कावळे उडाले. तरी राजारामने शेवटचं मागणं सोडलं नाही. तेच खरं मागणं होतं.

“घरची लक्ष्मी दारात उभी आसा! तिका तुझी लेक समज आणि भितर घे!”

जाप आला नाही.

त्याला राग आला. हो, रागच आला. ऐन वेळी हिचं लक्ष कुठे गेलं, असं त्याच्या मनात आलं. त्याने तेच मागणं पुन्हा घातलं, दुप्पट मोठ्याने, घशाच्या शिरा ताणून. “घरची लक्ष्मी दारात उभी आसा! तिका भितर घे!”

तेव्हा जर्ट्रूडबायची किंकाळी आली.

सुभद्रा उंबरठ्यावर आडवी पडली होती. डोकं आत, पाय पायरीवर. गोळी मानेच्या मुळाशी लागून समोरून निघाली होती आणि तिथून रक्त उसळत होतं, थांबत होतं, पुन्हा उसळत होतं. राजारामने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. हातांमधून, बोटांच्या फटींतून ते येतच राहिलं. हिरवी साडी काळी पडली. तिचे डोळे त्याच्याकडे होते, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. वाडीत शिट्ट्या वाजत होत्या, कुणीतरी लाठीने दारं बडवत जात होतं, एक पोर आईच्या नावाने ओरडत होतं. तो तिला म्हणत राहिला, “बोल गो. बोल.” ती बोलली नाही. त्याच्या मांडीवर तिची मान हळूहळू जड झाली आणि मग एकदम पार जड झाली.

गोळी घालणारा कोण, त्याने काय पाहून घातली, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पळणाऱ्या पोरांवर झाडली म्हणे. त्या बंदुका धरणारे हातही कदाचित राजारामच्याच बाजूच्या गावांतून पोटासाठी मुंबईला आलेले असतील. पण त्या दिवशी त्यांना समोर माणूस दिसला नाही, आणि हिरव्या साडीतली, उंबरठा पुसणारी बाई तर नाहीच नाही.

रात्री कर्फ्यूत, मोजकी माणसं आणि पुढेमागे पोलीस, अशी तिला नेली. शिवा रडत होता. राजाराम रडला नाही. चितेची लाकडं नीट रचली नव्हती, ती त्याने स्वतः उचलून पुन्हा रचली. सुताराला वाकडं रचलेलं बघवत नाही.

तिसऱ्या दिवशी तो हत्यारांची थैली घेऊन गिरगावात गेला. जर्ट्रूडबाय उंबरठा राखेने घासत बसली होती. तीन दिवस घासत होती. डाग फिका झाला होता, निघाला नव्हता. तिला बाजूला सारून तो मागे गेला, लाकूड तासायचा वाकस काढला आणि चाफ्यावर तुटून पडला. “खाल्लंस! नारळ घेतलंस आणि तिकाय खाल्लंस!” घावागणिक चीक उडत होता, त्याच्या तोंडावर, छातीवर. तो शिव्या देत होता. जागेवाल्याला, त्याच्या आईला, त्याच्या सात पिढ्यांना. गावात कुणी ऐकल्या असत्या तर कानांवर हात ठेवून पळाला असता. अर्धं झाड तुटून विहिरीवर आडवं झालं. मग त्याने घण उचलला आणि भिंतीकडे वळला.

जर्ट्रूडबाय भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हलली नाही.

“मार,” ती म्हणाली. “आधी मला मार. पण एक ऐक. तिला मी आत बोलावली. दोनदा बोलावली. हात धरून ओढली. या घराने तिला बाहेर नाय ठेवली रे, राजाराम. घर तर उघडं होतं.”

घण त्याच्या डोक्यावर तसाच राहिला.

“काय म्हणाली ती?” त्याने विचारलं. “तू बोलावलंस तेवा ती कायतरी म्हणाली. माका ऐकूक येवक नाय.”

म्हातारीला ते सांगायचं नव्हतं. तिने गळ्यातला क्रूस मुठीत घट्ट धरला.

“म्हणाली, थांब गो बाय, त्यांचं एवढं संपू दे. मोडलं तर ते पुन्हा घर शोधत बसतील. एकदा संपलं की मग जलमभर आतच हाय मी.”

घण खाली पडला, त्याच्याच पायाच्या अंगठ्यावर. अंगठा फुटला. राजारामला कळलं नाही. तो विहिरीच्या कठड्याला टेकून बसला आणि जनावर ओरडतं तसा ओरडला. जर्ट्रूडबाय त्याच्याजवळ बसली, आणि संध्याकाळची प्रार्थना होईपर्यंत तिने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

सुतक फिटलं, आणि राजारामने चाळीत सांगितलं की घर तेच घ्यायचं.

गॅलरीत गर्दी जमली. शिवाने कपाळ बडवून घेतलं. “दादा, तूच सांगलंस मा! अवकाळी जीव गेलो ती जागा घेव नये! आमका सगळ्यांका तूच सांगलंस!” जर्ट्रूडबायनेही निरोप धाडला होता, तुला नको असेल तर मी समजेन, शब्दातून मोकळा आहेस. आणि वर्षाच्या आत नवं घर नको, हे तर पोरंसोरंही सांगत होती.

राधाबाई पुढे आली. तिने राजारामचा सदरा धरला. “माझ्या झिलाची खोली तू मोडलंस. कोण एक बाई जळली म्हणान. ती बाई माझ्या झिलाक काय करतली होती रे? सांग! आज तुझी बाई मेली तर तुका घर चालता?” आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली.

राजारामने हात उचलला नाही. गालावर वळ उठला होता.

“चुकलंय, राधाबाय,” तो म्हणाला. “ती खोली अजून रिकामी आसात तर घे. नसली तर मी दुसरी बघून देतंय. जी जळली तिचा नाव इचारून घे. तिका नारळ दी. तिच्यावर रागव नको. ती बिचारी कोणाचीतरी बायको होती.”

“आणि तू?” शिवा म्हणाला. “तुका भय नाय वाटणा?”

“इतकी घरा बघलंय,” राजाराम म्हणाला. “जागेवालो कोण, ता खंयच नक्की कळला नाय. ह्या एकाच घराचो माका ठावक आसा.”

माघ लागला तसा तो निघाला. बरोबर शिवा, आणि बोलावलं नव्हतं तरी राधाबाई. वाडीच्या तोंडाशी भिंतीवर गोळ्यांचे खड्डे तसेच होते. एका खड्ड्यात कुणीतरी झेंडूचं फूल खोचलं होतं. जर्ट्रूडबायचं सामान हातगाडीवर चढत होतं, पण ती स्वतः पायरीपाशी थांबली होती.

शिवाने नव्या सागाची फळी खांद्यावर आणली होती. “उंबरठो बदलून घे, दादा. तूच म्हणतस, रक्त मुरला की फळी बदलूक होयी.”

राजारामने ती फळी घेतली, तिच्या रेषांवरून बोट फिरवलं. चांगली होती. त्याने ती आत नेऊन भिंतीला टेकवली. “हेचा कपाट करतलंय,” तो म्हणाला. उंबरठ्याला त्याने हात लावला नाही.

मग त्याने नारळ घेतला. मागच्या अंगणात गेला नाही. रस्त्यावर, पायरीच्या खाली, उघड्या वाडीत उभा राहिला, जिथून गोळी आली होती तिकडे पाठ करून. त्याचा खडा आवाज कुठेतरी गेला होता. जेमतेम ऐकू येईल असं तो म्हणाला,

“बा जागेवाल्या... या चार कोनात तू जी कोण बसलेली असशीत...”

इथे जाप द्यायचा असतो. शिवाच्या तोंडून शब्द फुटेना. राधाबाईने पदर तोंडात कोंबला होता. राजाराम थांबला. वरच्या कौलावर चिमणी चालल्याचं ऐकू आलं.

“व्हय म्हाराजा,” जर्ट्रूडबाय म्हणाली. तिने तो शब्द त्या एकाच दिवशी ऐकला होता. तिचा उच्चार वेगळाच होता, आणि तिने छातीवर क्रूसही केला.

“तुका आमी वळखतो,” राजाराम म्हणाला.

“व्हय म्हाराजा.” आता तिघंही म्हणाली.

पुढचं मागणं त्याला आठवत होतं. पण ते आता कुणाकडे मागायचं? त्याने नारळ पायरीवर ठेवला, तो फोडलासुद्धा नाही. दाराच्या चौकटीला धरून तो बाजूला सरला, एक माणूस आरामात जाईल एवढी वाट त्याने मोकळी केली, आणि मान खाली घालून म्हणाला,

“भायर उभी ऱ्हव नको गो. झाला माझा. भितर ये.”

बराच वेळ तो तसाच बाजूला उभा राहिला. मग तिच्या मागोमाग तो आत गेला.